एकटं पान शिवता येत नाही

पुस्तक बांधणाऱ्यानं पुस्तक वाचायचं नसतं, हे वडिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. डोळे अक्षरावर गेले की हात थांबतो, आणि हात थांबला की खळ वाळते. मी हे आयुष्यभर पाळलं. मला ते जड गेलं नाही, कारण चौथीनंतर मी शाळेत गेलोच नाही. माझ्या बायकोनं मात्र ते एक दिवसही पाळलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

दिवाळी अंकवाल्यांनी मला बाइंडिंगच्या धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितलं. "गमतीजमती लिहा काका, लोकांना आवडतात." गमती आहेत, त्या सांगतो. पण विमलला जाऊन चौदा महिने झाले. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती तोंडी सांगून भागणार नाही. जे चुकलं ते पुस्तकात छापलं गेलंय, तर दुरुस्तीही छापूनच आली पाहिजे. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका.

आमचं दुकान कसबा पेठेत. समोरून माणूस आला तर एकानं आमच्या पायरीवर चढायचं, एवढाच बोळ. पुढे टेबल, पुस्तक दाबून धरायचा शिकंजा, कटिंग मशीन. मागे राहायची खोली. आता मुलानं मांजरी गावात फ्लॅट घेतलाय, मी तिकडे झोपायला जातो आणि सकाळी बसनं पेठेत येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, या वयात कशाला?" मी म्हणतो, "तुझ्या बाराव्या मजल्यावर मी काय बांधू? ढग?"

बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडक्यात सांगतो. पुस्तक पानांचं नसतं, फर्म्यांचं असतं. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. घडीच्या मधोमध सुई जाते, दोरा पुढच्या फर्म्याच्या घडीत जातो, तिथून त्याच्या पुढच्या. याला जुजबंदी म्हणतात. म्हणजे दोरा पानाला धरत नाही, घडीला धरतो. सुट्या एका पानाला घडी नसते, म्हणून ते शिवता येत नाही. कडेला खळ लावून चिकटवावं लागतं, आणि चिकटवलेलं पान कधी ना कधी निघतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

थिसिसचं वेगळं. तिथं सगळीच पानं सुटी. गठ्ठ्याला कडेनं भोकं पाडायची आणि आडवी शिवण मारायची. मग तो नीट उघडत नाही. पण थिसिस उघडतो कोण?

घड्या आणि शिवण विमलची. पुठ्ठा, कापड, कटिंग, सोनेरी अक्षरं माझी. विमल आठवी शिकलेली. हाडाच्या पट्टीनं घडी दाबता दाबता ती वाचायची. घडी घालायच्या आधी कागदावर निम्मी पानं उलटी असतात, ती उलटीही वाचायची. कायदा, उसाचे रोग, दम्यावरचे उपचार, काहीही. जेवताना मला सांगायची, "अहो, उसाला लाल पट्टे आले तर काय करायचं माहितीये का?" मी म्हणायचो, "आपल्या कुंडीत तुळस आहे." पण तिचा हात कधी थांबला नाही. वडिलांचं म्हणणं तिच्या बाबतीत साफ चुकलं.

तिची एक खोड होती. प्रत्येक थिसिसला शेवटी ती एक कोरं पान जास्त घालायची. कोणी सांगितलेलं नाही. मी चिडायचो, लोकांना वाटेल बाइंडरनं घोळ घातला. ती म्हणायची, "माणूस पाच वर्षं एकच गोष्ट लिहितो. सहाव्या वर्षी त्याला वेगळं वाटलं तर त्यानं कुठं लिहायचं?"

साळवे मॅडम आमच्याकडे आल्या त्या थिसिस बांधायला. तेव्हा त्या मॅडम नव्हत्या, खांद्याला शबनम लावलेली सडपातळ मुलगी होती. बौद्ध घरातली, वडील रेल्वेत फिटर, घरात एवढं शिकलेली पहिलीच. विषय तत्त्वज्ञान. कव्हरवर सोनेरी अक्षरं मारायची म्हणून मला नाव वाचावंच लागलं. 'दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार.' मी म्हटलं, "हे काय आहे?"

ती म्हणाली, "भाऊ, आमच्या वस्तीत आधी नळ पाहिजे की आधी रस्ता, हे सांगायला कायम दुसराच एक माणूस जायचा. चांगला होता. सांगायचाही बरोबर. फक्त आम्हाला विचारायचा नाही. सगळं बरोबर होऊनही त्यात काहीतरी चुकत होतं. काय चुकत होतं ते शोधतेय."

आतून विमलनं विचारलं, "सापडलं का?"

"तीनशे पानं झाली, वहिनी. अजून नाही."

"मग ताई, मागचं कोरं पान तुम्हाला लागणारच."

चार दिवसांनी ही मुलगी सगळ्या प्रती रिक्षात घालून परत. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या क्लार्कनं घेतल्या नव्हत्या. शेवटचं पान कोरं म्हणजे छपाई सुटली, पानांची संख्या जुळत नाही. मी विमलकडे बघितलं. मुलीला म्हटलं, आणा इकडे, ब्लेडनं कापून देतो. ती म्हणाली, "नको." तिथंच टेबलावर बसून तिनं प्रत्येक प्रतीच्या त्या पानावर लिहिलं, 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.' खाली सही. क्लार्कनं निमूट शिक्का मारला, आणि ती ते सांगायला दुकानात आली.

विमल हसून हसून बेजार. "अहो ताई, आता ते कोरं कुठं राहिलं?"

मॅडमही हसायला लागल्या. पुढे बरीच वर्षं त्या पहिल्या तासाला वर्गात ही गोष्ट सांगायच्या. त्या दिवसापासून त्यांचं आणि विमलचं जमलं ते जमलंच.

लोक मला विचारायचे, या बाई कॉलेजात नक्की शिकवतात काय? मी सांगायचो, आपल्याला जे उघड दिसतं त्याच्यावर त्या बसून राहतात, ते डुगडुगायला लागेपर्यंत. नीती म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, सरकारनं आपल्यावर हुकूम का चालवायचा, हे त्यांचं खातं. सुरुवातीला वर्गात चाळीस पोरं असायची. पुढे वीस, पुढे सात. त्यांच्या पोरांचे प्रबंध आमच्याकडेच यायचे, गठ्ठा दरवर्षी बारीक होत गेला. एकदा एकच आला. मी म्हटलं, "मॅडम, या वर्षी एकच गिऱ्हाईक?" त्या म्हणाल्या, "भाऊ, एक पुरतो. दोन असले की एकमेकांचं बघून लिहितात."

एक गिऱ्हाईक आठवतं, त्यांचाच विद्यार्थी. प्रबंध खरं बोलण्यावर. बांधायला देताना म्हणाला, "काका, मॅडमनी विचारलं तर सोमवारीच दिला होता म्हणून सांगा." दिला होता गुरुवारी. विमल आतून म्हणाली, "तिसरं प्रकरण पुन्हा वाच रे बाबा, तुझंच आहे."

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. एका मोठ्या हॉस्पिटलात पेशंटवर नवीन औषधं तपासायची, त्यासाठी एक समिती होती आणि तिच्यात मॅडम बाहेरच्या सदस्य होत्या. पेशंटनं सही करायचा संमतीचा कागद घेऊन त्या दुकानात आल्या. चार पानं बारीक टाइप. "वहिनी, वाचा, आणि काय कळलं ते सांगा."

विमलनं दोनदा वाचला. म्हणाली, "सही कुठं करायची तेवढं कळलं."

तो कागद मॅडमनी समितीत सहा वेळा परत पाठवला. शेवटी दीड पानाचा झाला. त्यात त्यांनी भांडून एक ओळ घालून घेतली, की पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारायचं, नवऱ्याची, बापाची, मुलाची सही चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे असं नसतं, घरचे लोक ठरवतात. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच ओळ घालायचीय." विमलनं हे सगळ्या बोळाला सांगितलं. जणू ओळ हिनंच लिहिली होती. थोडी लिहिलीही होती म्हणा.

आता माझ्याकडे येतो.

विमलला दहावी व्हायचं होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं बाहेरून बसायचा फॉर्म आणला, भरला. त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर कामाचा ढीग आला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी मी काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही. मी ठरवून टाकलं की विषय मिटला.

पुष्कळ वर्षांनी एकदा विमल भाचीच्या लग्नाला गेली होती आणि मॅडम दुकानात बसल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांना ही दहावीची गोष्ट सांगितली. म्हणालो, "तिनंच सोडलं. तिला त्याचं काही नाही. आनंदात आहे." तेव्हा त्यांचं मोठं पुस्तक चाललं होतं. म्हणाल्या, "भाऊ, मी नेमकं यावरच लिहितेय. जे मिळणार नाही त्याची इच्छाच माणूस सोडून देतो, आणि मग आपण म्हणतो, बघा, त्याची काही तक्रार नाही. वहिनींचं उदाहरण घालू का? नाव देणार नाही. त्यांना विचाराल?"

मी म्हटलं, "विचारतो."

विचारलं नाही. विसरलो असं म्हणणार नाही. मुद्दाम नाही विचारलं. विचारलं असतं तर ती दहावी पुन्हा घरात आली असती. दहा दिवसांनी मॅडमनी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं, "विचारलं का?" मी म्हटलं, "हो. घाला म्हणाली."

एवढंच. दोन वाक्यं.

पुस्तक छापून झालं, तीनशे प्रती, फर्मे बांधायला आमच्याकडे. रविवारी प्रकाशन, सभागृह ठरलेलं, पाहुणे ठरलेले. मी आधी विमलला सांगून टाकायला हवं होतं. मला वाटलं नाव नाहीये, तिच्या लक्षात येणार नाही. चाळीस वर्षं जी बाई उलटी पानं वाचत होती तिच्याबद्दल मला असं वाटलं. माझ्या अकलेचा अंदाज तुम्हीच करा.

मंगळवारी दुपारी हाडाच्या पट्टीचा आवाज थांबला. त्या खोलीत तो आवाज कधी थांबत नसे. मी मान वर केली. विमल कागद हातात धरून उभी होती. तिनं मोठ्यानं वाचलं. मला ते पाठ आहे. 'जुन्या पेठेतील एक बांधणी कामगार स्त्री शिक्षण सोडावे लागल्याची खंत बाळगत नाही. खंत बाळगण्याची सवयच तिला उरलेली नाही.'

"अहो, ही मीच ना?"

मी म्हटलं, "असेल कोणीही."

"बोळात बांधणी करणारी दुसरी कोण आहे? मला खंत नाही हे यांना कोणी सांगितलं?"

मी कटिंग मशीनकडे वळलो आणि चाक फिरवायला लागलो. मशीनमध्ये कागद नव्हता.

तिनं पट्टी ठेवली, सुई ठेवली, पदर खोचला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मॅडमना फोन केला. तासाभरात मॅडम हजर. हातात मंडईची पिशवी, बहुतेक भाजी घेत होत्या तिथूनच तशाच आल्या. दाराशी उभ्या राहिल्या. विमलनं त्यांना बसा म्हटलं नाही.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना मॅडम म्हटलं.

"हो."

"दहावीचा फॉर्म मी अजून ठेवलाय. ट्रंकेत तळाशी. दर दिवाळीला ट्रंक आवरताना काढते, बघते आणि परत ठेवते. ही खंत नाही तर काय आहे?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी हातातल्या फडक्याकडे बघत होतो. त्या क्षणी त्या म्हणू शकल्या असत्या की भाऊंना विचारलं होतं. खरंच होतं ते. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, वहिनी. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हालाच."

"आयुष्यभर तुम्ही तेच शिकवत आलात."

"हो."

"हॉस्पिटलच्या कागदावर ओळ घातलीत."

"हो."

मीही तिथंच होतो. दोन पावलांवर. मी काही बोललो नाही.

मॅडम म्हणाल्या, ते पान काढून टाकू, तो फर्मा पुन्हा छापू, प्रकाशन पुढे ढकलू. विमल म्हणाली, "नाही. छापलंय ते राहू दे. काढलंत तर तुम्ही कधी चुकलाच नाहीत असं होईल. मागे माझं पान लावा. मी लिहीन."

"काय लिहाल?"

"ते मला ठरवू द्या की. का तेही तुम्हीच सांगणार?"

मॅडमनी हात जोडले. गंमत म्हणून नाही, खरोखर जोडले.

तीनशे पानं कापली. शेजारच्या प्रेसवर प्रत्येकाच्या माथ्यावर एक ओळ छापून आणली, 'या पुस्तकातील एक उदाहरण ज्यांचे आहे, त्यांच्यासाठी ही जागा राखून ठेवली आहे.' खाली कोरं. विमलनं एकेक पान खळ लावून चिकटवलं, आणि मग बाकीचं पुस्तक शिवलं. रविवारपर्यंत तीनशे प्रती तयार. रविवारी प्रती देईन असा मॅडमना तिचा शब्द होता ना.

प्रकाशनाला ती शेवटच्या रांगेत बसली. पाहुणे बोलताना म्हणाले, बाइंडिंगमध्ये एक पान चुकून जास्त आलेलं दिसतं. मॅडम उठून म्हणाल्या, "चुकून नाही. ती जागा माझी नाही." विमल ताठ बसली होती. मी तिच्या शेजारी.

ती पुढे पंधरा वर्षं जगली. त्या पानावर तिनं काही लिहिलं नाही. मॅडमशी पुन्हा बोलायला लागली, सहा महिन्यांत मॅडमच्या पुन्हा ताई झाल्या. मी कधी विचारलं, काय लिहितेस, तर म्हणायची, "घाई काय आहे? पान कुठं पळून जातंय?" पण पानं पळत होती. खळ सुटायची. कोणी ना कोणी प्रत घेऊन यायचा, "काका, शेवटचं पान निघालंय." विमल पुन्हा चिकटवून द्यायची.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आठ महिने ती तशी होती. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. लोक भेटायला यायचे आणि मला विचारायचे, कसं वाटतंय त्यांना? मी सांगायचो, बरं वाटतंय म्हणते. काय म्हणत होती ती? काही म्हणत नव्हती. मीच म्हणत होतो. डाव्या हातात पेन्सिल दिली, तिनं ती बाजूला सारली. का सारली, माहीत नाही.

त्या आठ महिन्यांत एका दुपारी मी तिला सांगितलं. की मॅडमनी मला विचारलं होतं, आणि मी तुला न विचारता हो म्हटलं. तिच्या अंगात उत्तर द्यायचं बळ होतं तेव्हा माझी छाती झाली नाही. तिला बोलता येईना तेव्हा सांगितलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान भिंतीकडे केली. मुलगा म्हणतो, आईनं तुम्हाला तेव्हाच माफ केलं. सून म्हणते, त्यांना आधीपासून माहीतच असणार. मी म्हणतो, गप्प बसा. तिनं काय केलं ते तिला माहीत. तुम्ही तिच्या वतीनं मला माफ करू नका.

ती गेल्यावर घर उलथं केलं. ट्रंकेत फॉर्म मिळाला. लिहिलेलं काही नाही. चिठोरंसुद्धा नाही.

आता हल्लीची गोष्ट. मॅडम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा विभाग कॉलेजनं दुसऱ्या विभागात घातला, त्यांच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. पण पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. बाकीच्या प्रती मशीनवर गोंदानं चिकटवणार, त्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. नाव मोठं आहे. उन्हात ठेवा आणि मग बघा. मॅडमनी हट्टानं शंभर प्रती हातानं शिवायला माझ्याकडे मागितल्या. मी हो म्हटलं. हात थरथरतो, सुई ओवायला दोन चष्मे लागतात. पण हो म्हटलं.

महिन्यापूर्वी मॅडम आणि प्रकाशकांकडची एक मुलगी दुकानात आल्या. मुलगी हुशार, बोलायला गोड. म्हणाली, "काका, ते लास्ट पेज आहे ना, ब्लँक. नव्या एडिशनमध्ये तुम्हीच काकूंच्या वतीनं चार ओळी लिहा ना. खूप टची होईल. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

मॅडम चहाच्या कपाकडे बघत होत्या.

मी त्या मुलीला म्हटलं, "बाई, बस. तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं, मॅडमच्या देखत. फोनवरच्या दोन वाक्यांसकट. मुलीनं पेन खाली ठेवलं.

मॅडमना म्हटलं, "मी विचारलं नव्हतं."

"मला त्याच दिवशी कळलं, भाऊ. वहिनी कागद घेऊन उभ्या होत्या तेव्हाच."

"मग इतकी वर्षं तिला सांगितलं का नाहीत?"

"ते तुम्ही सांगायचं होतं. तुमच्या वतीनं मी कशी सांगणार?" मग कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आणि खरं सांगू? त्यामुळे माझी चूक लहान झाली असती. ती लहान नव्हती. बाईबद्दल तिच्या नवऱ्याला विचारायचं, हे मी केलं होतं. मी."

आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या दुकानात समोरासमोर बसलो होतो, आणि जिला विचारायचं ती नव्हती.

मुलीनं हळूच विचारलं, "मग काका, पानाचं काय करायचं? काढायचं का?"

"नाही. ते विमलचं आहे. कोरं राहील. मी त्याच्यावर एक अक्षर लिहिणार नाही आणि कोणाला लिहू देणार नाही. पण मला माझं पान पाहिजे. माझ्या नावानं."

घरी मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना. कोणाला माहीत आहे? कशाला आपली अब्रू आपणच काढायची?" मी म्हटलं, "तुझ्या आईची काढली तेव्हा छापली होती. तीनशे."

माझ्या पानावर काय छापायचं ते मी स्वतः लिहिलं. मॅडमनी दुरुस्त करू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. ते असं आहे: 'या पुस्तकातील उदाहरण माझ्या पत्नीचे आहे. ते घालायला परवानगी मी दिली. तिला विचारले असे खोटे सांगितले. ती परवानगी देण्याचा अधिकार माझा नव्हता. तिला खंत होती. हे तिने स्वतः सांगितले, माझ्यासमोर, आणि मी गप्प राहिलो.' खाली माझं नाव.

मुलगी म्हणाली होती, "मग दोन पानं चिकटवावी लागतील ना, काका?"

मी म्हटलं, "नाही."

दोन सुटी पानं कापायची नाहीत. एकच दुप्पट कागद घ्यायचा आणि मधोमध घडी घालायची. घडीच्या एका बाजूला माझं पान, दुसऱ्या बाजूला तिचं. आता घडी आहे, म्हणजे सुई जाते. खळीचं काम नाही. हे मला सोळा वर्षांपूर्वीही सुचू शकलं असतं. पण तेव्हा त्याला दुसरं पान लागलं असतं, आणि ते मी दिलं नव्हतं.

काल संध्याकाळपर्यंत एकसष्ट प्रती झाल्या. एकोणचाळीस राहिल्या आहेत. विमलची हाडाची पट्टी वापरतो, तिच्या अंगठ्याच्या जागी ती झिजलेली आहे, माझा अंगठा तिथं नीट बसत नाही. शंभरही प्रती मीच शिवणार. शिवून झालेली प्रत उघडून शेवटचं पान धरून जरा ओढून बघतो. निघत नाही.